बाळाच्या मेंदूबद्दल शंका आली तर बाईने पुढं जायचं कुठं? आरोग्य खात्याला खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करते, रेडिओलॉजिस्ट आहे. तुम्हा दोघांना एकत्र लिहितेय त्याला कारण आहे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल हे सगळं एका खात्याकडं, आणि मेडिकल कॉलेज, तिथलं एमआरआय मशीन, तिथले न्यूरोचे आणि लहान मुलांचे मोठे डॉक्टर हे दुसऱ्या खात्याकडं, आणि ज्या बाईबद्दल मी लिहितेय ती या दोन खात्यांच्या मधल्या रस्त्यावर एसटीत मांडीवर फाईल धरून बसलेली असते. तिच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूत काहीतरी वेगळं दिसलंय एवढंच तिला माहिती असतं. काय दिसलं, ते किती गंभीर, पुढं कुणाला दाखवायचं, किती दिवसांत दाखवायचं, पैसे किती लागतील, यातलं काहीच तिला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

माझी मागणी एकच आहे. गर्भाच्या मेंदूबद्दल शंका आली की त्या बाईला एका आठवड्याच्या आत तज्ज्ञाकडून मेंदूची सविस्तर सोनोग्राफी, गरज असेल तर गर्भाचा एमआरआय, आणि त्यानंतर समोर बसून समजावून सांगणारा डॉक्टर, हे तिन्ही फुकटात आणि ठरलेल्या ठिकाणी मिळालं पाहिजे. त्यासाठी लेखी, ठरलेली रेफरलची वाट पाहिजे. आज ती नाहीये. आज ज्याच्या ओळखीचा डॉक्टर शहरात आहे त्याची सोय होते, बाकीच्यांचे आठवडे नुसते जातात.

आठवडे म्हणतेय कारण मेंदूच्या बाबतीत सगळा खेळ आठवड्यांचा आहे, आणि हे मंत्रालयात बसून लक्षात येत नसेल तर जरा सविस्तर सांगते. हृदय, किडनी, हातपाय हे पाचव्या महिन्यात बऱ्यापैकी तयार झालेले असतात, बघितलं की कळतं. मेंदूचं तसं नाही, तो नऊ महिने घडतच असतो आणि जन्मल्यावरही घडत राहतो. त्यामुळं कुठला दोष कधी दिसेल हे दोषागणिक वेगळं आहे.

कवटीच तयार झाली नाही आणि त्यामुळं मेंदू उरला नाही, म्हणजे ॲनेनसेफली, हा दोष 11 ते 13 आठवड्यांच्या एनटी स्कॅनमध्येच, म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीतच, दिसू शकतो. ही गोष्ट काही नवी नाही, सोनोग्राफीवर ॲनेनसेफली ओळखून ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 1972 सालीच ते छापलेलं होतं आणि तेव्हाची मशिनं आजच्यासमोर काहीच नव्हती. मेंदूचे दोन भाग वेगळेच झाले नाहीत असा जो अगदी टोकाचा होलोप्रोसेनसेफलीचा प्रकार असतो तोही तिसऱ्या महिन्याच्या शेवटी कळू शकतो. आता तुम्हीच बघा, 2016 च्या जुलैमध्ये आणि परत 2017 च्या जानेवारीत 24 आठवड्यांच्या गरोदर बायांना ॲनेनसेफलीमुळं गर्भपाताच्या परवानगीसाठी थेट सुप्रीम कोर्टात जावं लागलं (तेव्हा कायद्याची मर्यादा 20 आठवड्यांची होती), दोन्ही वेळा कोर्टाने परवानगी दिली. त्या परवानग्यांच्या बातम्या खूप झाल्या, पण तिसऱ्या महिन्यात दिसू शकणारी गोष्ट सहाव्या महिन्यात कोर्टापर्यंत पोचते कशी, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय. गावाकडं आजही पहिली सोनोग्राफी चौथ्या-पाचव्या महिन्यात होते, कधी सातव्यात.

मग येते 18 ते 20-22 आठवड्यांची, म्हणजे आपल्याकडं सगळे जिला पाचव्या महिन्याची किंवा ॲनॉमलीची सोनोग्राफी म्हणतात ती. यात डोक्याचे ठराविक छेद घेऊन ठराविक गोष्टी बघायच्या असतात. मेंदूतल्या पाण्याच्या पिशव्या म्हणजे व्हेंट्रिकल, त्यांची रुंदी 10 मिलिमीटरच्या आत पाहिजे. पुढच्या बाजूला कॅव्हम नावाची छोटी चौकोनी जागा दिसली पाहिजे, ती दिसली नाही तर मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा पूल, कॉर्पस कॅलोसम, आहे का नाही अशी शंका घ्यायची. मागच्या बाजूला छोटा मेंदू नीट आकाराचा आहे का, त्याच्या मागची पाण्याची जागा 10 मिलिमीटरच्या आत आहे का. आणि एक गोष्ट मला कायम भारी वाटत आलीय, पाठीच्या मणक्याला जे भोक असतं, स्पायना बायफिडा, त्याचा पहिला पुरावा बहुतेक वेळा डोक्यात सापडतो. कवटी पुढून लिंबासारखी निमुळती होते आणि छोटा मेंदू खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो. लंडनच्या निकोलाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये हे लिहिलं आणि तेव्हापासून जगभर हीच खूण शोधतात. म्हणजे मणका बघायला बाळ नीट पालथं पडलेलं नसलं तरी डोकं नीट बघितलं तर सहसा चुकत नाही.

पण हे सगळं "नीट बघितलं तर". पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला चालू आहे, त्यात दुसऱ्या तिमाहीत एक सोनोग्राफी द्यायची असं आहे, चांगली योजना आहे, मी मनापासून म्हणतेय. पण 9 तारखेला बाहेर बायांची रांग दारापर्यंत आलेली असते, आत एक मशीन आणि एक डॉक्टर, आणि मग बाईच्या वाट्याला येणाऱ्या मिनिटांत ठोके, पाणी, वार कुठं आहे, किती आठवडे, एवढंच उरकतं. रिपोर्टवर "सिंगल लाइव्ह", म्हणजे एकच बाळ आणि जिवंत, एवढं लिहून येतं आणि घरचे समजतात सगळं तपासलं. ती ॲनॉमली सोनोग्राफी नव्हतीच हे त्यांना कुणी सांगत नाही. ॲनॉमलीला शांतपणे अर्धा तास लागतो, बाळाची पोझिशन नसेल तर बाईला फिरून यायला सांगून परत बघावं लागतं. हा वेळ शिबिरात मिळत नसेल तर तसं रिपोर्टवर स्पष्ट लिहायची तरी सक्ती करा, म्हणजे बाई दुसरीकडं जाऊन वेळेत करून घेईल.

आणि समजा नीट बघितलं, तरी 20 आठवड्यांना मेंदूचं सगळं दिसत नाही हेही तितकंच खरं आहे. त्या वेळी मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो, वळ्या पडायच्या असतात, त्या सातव्या-आठव्या महिन्यात दाट होत जातात. ज्या मुलाच्या मेंदूला वळ्या पडणारच नाहीत त्याचा आणि नॉर्मल मुलाचा मेंदू 20 आठवड्यांना सारखाच दिसू शकतो. डोकं लहान राहणं, मायक्रोसेफली, हे बऱ्याचदा 24-28 आठवड्यांनंतर उघड होतं. सीएमव्हीसारखं इन्फेक्शन, मेंदूत रक्तस्राव, वाढत जाणारं पाणी, हे पाचव्या महिन्याचा रिपोर्ट क्लीन आल्यावरसुद्धा नंतर येऊ शकतं. म्हणून आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत फक्त वजन आणि पाणी न बघता डोक्याचे तेच छेद परत घ्या असं मी आमच्या तालुक्यातल्या सगळ्या डॉक्टरांना सांगत असते.

आता दुसरी बाजू, आणि हे पत्र लिहायचं खरं कारण ही दुसरी बाजूच जास्त आहे. दोष सुटून जातात याची चर्चा होते, पण नसलेले किंवा किरकोळ दोष मोठे करून सांगितले जातात आणि त्यापायी चांगली बाळं जातात याची चर्चा कुणी करत नाही.

एक उदाहरण देते. आमच्या भागातली एक ताई, पहिलटकरीण, 21 आठवडे, दुसरीकडं झालेल्या सोनोग्राफीत एका बाजूचा व्हेंट्रिकल 11 मिलिमीटर. घरी सांगितलं गेलं "मेंदूत पाणी झालंय". बस, या तीन शब्दांवर सगळं घर हललं, सासूबाई म्हणाल्या असलं मूल नको, नवरा गप्प, हिचं रडून रडून डोळे सुजलेले. आता 10 ते 12 मिलिमीटर आणि सोबत दुसरा काही दोष नाही, इन्फेक्शनच्या टेस्ट निगेटिव्ह, क्रोमोसोम ठीक, अशा बाळांपैकी 10 पैकी 9 च्या वर बाळं नॉर्मल वाढतात. पण "सोबत दुसरा काही दोष नाही" हे वाक्य म्हणायला कुणीतरी तज्ज्ञाने मेंदू बारकाईने बघितलेला पाहिजे आणि शक्यतो एमआरआय झालेला पाहिजे. तिच्या भावाची पुण्यात ओळख होती म्हणून तिचं सगळं झालं, मुलगी झाली, चालते बोलते, अंगणवाडीत जाते. ज्या घरी असा भाऊ नव्हता त्यांचं काय झालं ते मला कळत नाही कारण त्या परत माझ्याकडं येतच नाहीत.

असंच डँडी वॉकर नावाच्या छोट्या मेंदूच्या दोषाचं. छोट्या मेंदूच्या मधला भाग, व्हर्मिस, खाली सरकून जागेवर बसायला 18-20 आठवडे लागतात, त्याआधी तिथं फट दिसणं नॉर्मल असू शकतं. 16 आठवड्यांना बघून कुणी "डँडी वॉकर" असं रिपोर्टवर ठोकलं तर तो रिपोर्ट वाचून घरचे गुगल करतात आणि जे वाचतात त्यावरून निर्णय घेतात. त्याच जागी नुसतं पाण्याची जागा मोठी असणं किंवा ब्लेक्स पाऊच नावाची साधी गाठ असणं हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. सोनोग्राफीत हे तिन्ही लांबून सारखे वाटतात आणि भविष्य मात्र जमीन-अस्मानाचं. कॉर्पस कॅलोसम नसणंही तसंच, सोबत दुसरं काही नसेल तर त्यातली बरीच मुलं शाळेत जातात, नीट वाढतात, आणि सोबत इतर दोष असतील तर चित्र पार बदलतं. म्हणजे निदान फक्त "आहे का नाही" इथं थांबत नाही, "अजून काय आहे" हे कळलं तरच आई-बापाला काहीतरी खरं सांगता येतं.

इथंच गर्भाचा एमआरआय येतो. ब्रिटनमध्ये मेरिडियन नावाचा अभ्यास झाला, शेफील्डच्या लोकांनी चालवला, 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सोनोग्राफीत मेंदूच्या दोषाची शंका आलेले 570 गर्भ त्यांनी घेतले आणि नंतर प्रत्यक्ष काय निघालं त्याच्याशी ताडून बघितलं. नुसत्या सोनोग्राफीवर अचूक निदान 68 टक्के, एमआरआय जोडल्यावर 93 टक्के. निदान 5 पैकी एका केसमध्ये पुढं काय होणार याचा अंदाज बदलला आणि 3 पैकी एकीपेक्षा जास्त केसमध्ये उपचाराचा किंवा सल्ल्याचा मार्गच बदलला. या अभ्यासावर सोनोग्राफीतल्या मोठ्या लोकांनी आक्षेप घेतला की तुम्ही साधी सोनोग्राफी धरली, तज्ज्ञाची न्यूरोसोनोग्राफी धरली असती, बाळाचं डोकं खाली असताना आतून केलेली, सगळ्या दिशांनी छेद घेतलेली, तर एवढा फरक दिसला नसता. मला हा आक्षेप पटतो. पण आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की न्यूरोसोनोग्राफी करणारा तरी द्या किंवा एमआरआय तरी द्या, शक्यतो दोन्ही द्या. आपल्या जिल्ह्यांमध्ये दोन्ही नाही अशी परिस्थिती आहे.

एमआरआयबद्दल लोकांच्या मनात खूप भीती आहे, डॉक्टरांच्याही. त्यात एक्स-रेसारखी किरणं नसतात. गर्भासाठी करताना शिरेतून औषध देत नाहीत. बाई डाव्या कुशीवर झोपते, मोठा आवाज येतो म्हणून कानाला हेडफोन लावतात, साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. बाळ हलत असतं म्हणून एकेक छेद सेकंदाच्या आसपास टिपणारा वेगळा प्रोग्राम लावतात, आणि हा प्रोग्राम 1.5 टेस्लाच्या आजच्या बहुतेक मशीनमध्ये असतोच. 20 आठवड्यांच्या आधी करून फारसा उपयोग नाही, मेंदू फार लहान असतो, 22 नंतर चांगलं दिसतं आणि वळ्यांबद्दल शंका असेल तर 28-32 ला परत करावा लागतो. म्हणजे नवीन मशीनसाठी टेंडर काढायची सुद्धा बऱ्याच ठिकाणी गरज नाही साहेब. मशीन मेडिकल कॉलेजला आहे. नाहीये तो गर्भाचा मेंदू वाचायला शिकलेला माणूस, आणि नाहीये तो दिवस ज्या दिवशी मशीन गरोदर बायांसाठी राखून ठेवलंय.

माझ्या अनुभवात काय होतं ते सांगते. मी चिठ्ठी लिहून पाठवते. एका ठिकाणी अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळते कारण ही केस इमर्जन्सीत बसत नाही. दुसऱ्या ठिकाणी, खासगीत, गरोदर म्हणलं की पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या, भीतीने नकोच म्हणतात. तिसऱ्या ठिकाणी करतात, पण साधा प्रोग्राम लावून करतात, बाळ हललेलं, सगळं धूसर, आणि रिपोर्टवर "कृपया सोनोग्राफीशी पडताळून बघा". आणि पैसे भरून. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुळात ॲडमिट होणाऱ्या पेशंटसाठी बांधलेली आहे, ओपीडीत येऊन एमआरआय करून जाणारी गरोदर बाई त्यात बसत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून सांगतो की गरोदर बाईच्या तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत, मग गर्भाचा एमआरआय त्यात धरा आणि तसं लेखी द्या.

पीसीपीएनडीटीबद्दल माझ्याविषयी गैरसमज नको. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे 807 मुली होत्या. मी त्याच पट्ट्यात काम करते, तो आकडा म्हणजे काय हे मी डोळ्यांनी बघितलंय, तो कायदा पाहिजेच आणि कडक पाहिजे. पण त्याच कायद्यात गर्भातले दोष शोधायला सोनोग्राफी करायला परवानगी आहे, एफ फॉर्मवर तसं कारण छापलेलंच आहे. मग एमआरआय सेंटरने नोंदणी कशी करायची, कुठला फॉर्म भरायचा, काय रेकॉर्ड ठेवायचं, हे एका पानाच्या स्पष्ट परिपत्रकात सांगितलं तर भीतीने नकार देणारे बरेच जण पुढं येतील.

आता कायद्याच्या घड्याळाचं. गर्भपाताच्या कायद्यात 2021 ला झालेल्या सुधारणेनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने आणि त्यानंतर मेडिकल बोर्डाच्या मताने गर्भपात करता येतो. नियमांप्रमाणे बोर्डाने 3 दिवसांत मत द्यायचं आणि मान्य असेल तर अर्जापासून 5 दिवसांत पुढचं करायचं. पण आजही खेड्यापाड्यात आणि खेदाने सांगते काही डॉक्टरांकडूनसुद्धा हेच ऐकायला मिळतं की 20 आठवडे झाले, आता काही होत नाही. मग बाई एकतर गप्प बसते नाहीतर भलत्या ठिकाणी जाते. आणि याच घड्याळाच्या धाकाने उलटंही होतं, 23 वा आठवडा चालू आहे, एमआरआयची तारीख पुढची आहे, तेव्हा थांबायला नको, आत्ताच करून टाकू असं घरचे ठरवतात. अर्धवट माहितीवर, घाईत. 24 नंतर रस्ता बंद होत नाही, बोर्ड आहे, हे कळलं तर त्या घाईतले काही गर्भ वाचतील असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

बोर्डात स्त्रीरोग, बालरोग आणि रेडिओलॉजी किंवा सोनोलॉजीचे डॉक्टर असावेतच असा कायदा आहे, बाकीचे सदस्य सरकार नेमू शकतं. मेंदूची केस असेल तेव्हा मुलांचा न्यूरॉलॉजिस्ट बोर्डावर पाहिजे, प्रत्यक्ष नसेल तर व्हिडिओवर. कारण प्रश्न असा असतो की हे मूल चालेल का, बोलेल का, फिट्स येतील का, आणि याचं उत्तर ज्याच्या ओपीडीत अशी मुलं रोज येतात तोच देऊ शकतो. डिसेंबर 2022 मध्ये दिल्ली हायकोर्टाने 33 आठवड्यांच्या एका बाईला गर्भाच्या मेंदूतल्या दोषामुळं परवानगी दिली, बोर्डाने नाही म्हणलेलं असताना. जानेवारी 2023 मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने, बोर्डाने दोष मान्य करूनही महिने फार झाले म्हणून नकार दिलेल्या केसमध्ये सांगितलं की निवड त्या बाईची आहे, बोर्डाची नाही. दोन्ही बायांना वकील मिळाला, कोर्ट जवळ होतं. सगळ्यांना नाही मिळत.

आणि निवड म्हणतेय ती दोन्ही बाजूंची. दोष कळून सुद्धा बाळ ठेवायचं म्हणणाऱ्या आया मी बघितल्यात आणि त्यांना आजूबाजूचे लोक, कधी दवाखान्यातले लोकसुद्धा, फार वाईट बोलतात. त्यांनाही निदानाचा तेवढाच हक्क आहे. बाळंतपण कुठं करायचं, जन्मल्याबरोबर न्यूरोसर्जन लागेल का, मेंदूतलं पाणी काढायची नळी म्हणजे शंट टाकावा लागेल का, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रात कधी न्यायचं, हे सगळं आधी ठरवता येतं. अपंग मूल म्हणजे नको असलेलं मूल असा अर्थ आमच्या रिपोर्टातून निघता कामा नये, आणि तो निघू नये म्हणून समजावून सांगणारा माणूस लागतो. मराठीत, वेळ देऊन, बाईला एकटीला पण आणि घरच्यांसमोर पण.

पुण्यात 2024 च्या पावसाळ्यात झिका आला तेव्हा लागण झालेल्यांमध्ये गरोदर बायाही होत्या. त्याआधी 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला होता. झिकाने गर्भाचा मेंदू खुरटतो हे जगाने ब्राझीलमध्ये बघितलंय. 2024 च्या जुलैमध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं की पॉझिटिव्ह गरोदर बायांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवा. लक्ष ठेवायचं म्हणजे दर काही आठवड्यांनी डोक्याचं माप आणि मेंदूची सविस्तर सोनोग्राफी. पुण्यात निदान तज्ज्ञ आहेत, विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही ही संस्था आहे, मोठी हॉस्पिटलं आहेत. हाच डास उद्या धाराशिव, नंदुरबार, गडचिरोलीत चावला तर तिथल्या बाईचं लक्ष कोण ठेवणार? रेफरलची वाट आधी तयार असेल तर साथीत ती वापरता येईल, साथ आल्यावर वाट बांधत बसलो तर बाळं तोपर्यंत जन्मलेली असतील.

आमच्याकडचा अजून एक प्रश्न शहरातल्या लोकांच्या डोक्यातच येत नाही, तो ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या मागेपुढे टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलला परततात. कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली, बाई गरोदर आहे म्हणून कोयता मोडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जिला दिवस गेले तिचा पाचवा महिना बरोबर फडात येतो. तिचं कार्ड गावच्या आशाताईकडं, ती स्वतः दोनशे-तीनशे किलोमीटरवर. तिथल्या दवाखान्यात तिची नोंद नाही, इथल्या यादीत ती "स्थलांतरित". ती परत येते तेव्हा आठवा-नववा लागलेला असतो आणि मग माझ्या टेबलवर मला मोठं झालेलं डोकं दिसतं, पाण्याने भरलेलं, आणि त्या वेळी मी तिला सांगणार काय? निघायच्या आधी प्रत्येक गरोदर बाईची एनटी सोनोग्राफी, आणि साखर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तिची 18 ते 20 आठवड्यांची ॲनॉमलीची तारीख आधीच घेतलेली, तिच्या मोबाईलवर आणि तिथल्या आशाताईच्या यादीत. कारखाने कुठले, टोळ्या कुठल्या गावच्या, ही माहिती असते सगळ्यांकडं.

फॉलिक ॲसिडबद्दल थोडंच लिहिते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत बहुतेक काम झालेलं असतं. आपण गोळी देतो दवाखान्यात नाव नोंदवल्यावर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. नवीन लग्न झालेल्या मुलींपर्यंत 400 मायक्रोग्रॅमची गोळी आधीच पोचली पाहिजे, आणि ज्यांना आधी असं बाळ झालंय त्यांना त्याच्या दहापट, डॉक्टरच्या सल्ल्याने. 1991 च्या ब्रिटिश अभ्यासात अशा बायांमध्ये परत तसंच होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी झालं होतं. एवढी स्वस्त गोळी आहे.

तर आता करायचं काय. मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर या चार ठिकाणच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आठवड्यातला एक दिवस गर्भाच्या मेंदूचा दिवस म्हणून जाहीर करा. त्या दिवशी न्यूरोसोनोग्राफी, त्याच दिवशी एमआरआयचे राखीव स्लॉट, त्याच दिवशी मुलांचा न्यूरॉलॉजिस्ट आणि समुपदेशक, म्हणजे बाईला चार फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. प्रत्येक विभागातल्या दोन-तीन रेडिओलॉजिस्टना गर्भाचा एमआरआय वाचायचं ट्रेनिंग द्या, तोपर्यंत फोटो मोठ्या सेंटरला ऑनलाइन पाठवून रिपोर्ट घ्या, सिव्हिलच्या सीटी स्कॅनचे रिपोर्ट टेलिरेडिओलॉजीने होतातच की. तालुक्यातून शंका कळवायला एक फोन नंबर ठेवा आणि तो उचलणाऱ्या माणसाचं काम एवढंच की सात दिवसांतली तारीख द्यायची. जाण्यायेण्याचं भाडं सोबतच्या एका माणसासकट द्या. आणि रिपोर्टची मराठीतली एक पानाची प्रत बाईच्या हातात द्या, ज्यात काय दिसलं, काय नक्की आहे, काय नक्की नाही, आणि पुढची तारीख कुठली, एवढं लिहिलेलं असेल. पहिल्या वर्षी किती बाया आल्या, किती जणींचं निदान बदललं, बाळं जन्मल्यावर काय निघालं, याची नोंद ठेवा. हा आकडा आज राज्यात कुणाच्या टेबलवर असेल असं मला वाटत नाही, आणि तो नसल्याने हा प्रश्न बजेटच्या वेळी कुणाला दिसतही नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींना दोन्ही खात्यांच्या सचिवांनी एकत्र सही केलेला एक शासन निर्णय पुरेल. तो गाळप हंगाम सुरू व्हायच्या आत, दसऱ्याच्या आधी निघावा एवढी विनंती आहे, कारण त्यानंतर माझ्या यादीतल्या बाया गावात नसतील. तालुक्याच्या पातळीवर यादी करायला, डॉक्टरांना छेद कसे घ्यायचे ते शिकवायला आणि तो फोन पहिले सहा महिने स्वतः उचलायला मी तयार आहे, पगार नको.

आपली,
मराठवाड्यातली एक रेडिओलॉजिस्ट